रेन्त्स की रॉइत्स? जुन्या जर्मन चर्च-नोंदीत तेच नाव पुन्हा पुन्हा चुकतं तेव्हा

अडचण अशी असते. अठराव्या शतकातली एक बाप्तिस्म्याची नोंद समोर आहे. आडनाव नीट वाचता आलं म्हणून तुम्ही ते वहीत उतरवून घेता. दोन पानांनंतर त्याच जोडप्याचं दुसरं मूल सापडतं, पण आडनाव वेगळंच दिसतं. लग्नाच्या नोंदीत ते तिसऱ्याच रूपात येतं. शोधयंत्रात यातलं एकही घातलं तरी उत्तर शून्य. काही दिवसांनी पहिलं पान पुन्हा उघडलं, की आपण तिथे तसं का वाचलं होतं हेसुद्धा कळत नाही.

माझं सासर जर्मनीतल्या व्युर्टेंबर्ग भागातलं आहे. सासूबाईंच्या माहेरची वंशावळ जुळवताना मी या चक्रात बरेच महिने अडकले होते. त्यांचं खरं आडनाव इथे देत नाही. त्या भागात सर्रास आढळणारं ‘रेन्त्स’ हे आडनाव उदाहरणादाखल धरू. माझ्या वहीत उतरवलेल्या चार नोंदींत ते कुठे ‘रॉइत्स’ होतं, कुठे ‘रेत्स’, आणि एकदा तर उच्चारच करता येणार नाही असं काहीतरी. चारही ठिकाणी पाद्रीबाबांनी एकच नाव लिहिलं होतं. ही चूक परत परत का होते आणि मी ती कशी थांबवली, ते सांगते.

आधी तक्ता तपासा

इंटरनेटवरून उतरवलेला अक्षरांचा तक्ता बहुतेकांच्या हाताशी असतो, आणि पुष्कळदा तो तक्ताच चुकीच्या लिपीचा असतो. जुन्या जर्मन हस्ताक्षराला लोक सरसकट ‘झ्युटरलिन’ म्हणतात. पण लुडविग झ्युटरलिन यांनी ती शाळकरी लिपी १९११ मध्ये तयार केली आणि प्रशियातल्या शाळांत ती १९१५ पासून शिकवायला सुरुवात झाली. १७६० च्या वहीत ती असण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे असते ती ‘कुरेंट’, म्हणजे धावती लिपी. झ्युटरलिन ही तिचीच मुलांसाठी सोपी केलेली, उभी, गोलसर धाकटी बहीण. तक्ता झ्युटरलिनचा आणि पान कुरेंटचं असेल, तर अर्धी अक्षरं जुळतात. त्यामुळे संशय येत नाही आणि उरलेली अर्धी आपण ओढूनताणून बसवतो. तक्त्यावर ‘कुरेंट’ लिहिलेलं आहे ना, आणि जमलं तर तुमच्याच शतकातलं आहे ना, एवढं पाहून मगच पुढे जा.

१९४१ मध्ये नाझी सरकारने या लिप्या बंद केल्या आणि शाळांत लॅटिन वळण आलं. त्यामुळे पुढच्या पिढ्यांना आपल्याच आजी-आजोबांची पत्रं वाचता येईनाशी झाली. माझ्या सासूबाईंनाही येत नाहीत. मोडी सुटल्यावर आपल्या घरांतल्या ट्रंकांमधल्या कागदांचं जे झालं, तेच इथे झालं. म्हणून जर्मन माणसाला विचारलं की तो वाचून देईल, या आशेवर राहू नका.

मूळ बिघाड: उभ्या रेघा

कुरेंटमध्ये टाक खाली येताना रेघ जाड उमटते आणि वर जाताना केसासारखी बारीक. दोन-अडीचशे वर्षांत शाई फिकी पडते तेव्हा या बारीक जोडरेघा आधी नाहीशा होतात. मागे उरतं ते तिरप्या, जाड, सुट्या काड्यांचं कुंपण. ‘आय’ची एक काडी, ‘ई’च्या दोन, ‘एन’च्या दोन, ‘यू’च्या दोन, ‘एम’च्या तीन. जर्मनमधला ‘आइनेम’ हा साधा शब्द घ्या. त्यात ई, आय, एन, ई, एम अशी अक्षरं येतात, म्हणजे सलग दहा काड्या. आपला डोळा त्या कुठेही तोडतो आणि दर वेळी वेगळ्या जागी तोडतो. एकच नाव तीन प्रकारे वाचलं जातं त्याचं कारण हेच.

‘ई’ आणि ‘एन’ हा सगळ्यात मोठा सापळा. इंग्रजी वळणाच्या सवयीमुळे आपण ‘ई’मध्ये गोल डोळा शोधतो. कुरेंटच्या ‘ई’ला तो नसतोच. तिथे दोन आखूड काड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. ‘एन’च्याही दोनच, पण त्यांच्यात मोकळी जागा असते. तेव्हा आकार शोधू नका, अंतर मोजा. ‘रेन्त्स’मध्ये ‘आर’नंतर चार काड्या येतात, पहिल्या दोन जवळजवळ आणि पुढच्या दोन लांब. हे कळल्यावर माझ्या चारातल्या तीन नोंदी जागच्या जागी सुटल्या.

चौथीत मात्र वर एक चिन्ह होतं, म्हणून मी ते ‘यू’ धरून ‘रॉइत्स’ वाचलं होतं. ओळीच्या वर काय काय असतं ते शांतपणे पाहायला हवं. ‘यू’वर वाटीसारखी उघडी छोटी कमान असते आणि ती असते म्हणूनच ‘यू’ हा ‘एन’पासून वेगळा ओळखता येतो. दोन बारीक रेघा किंवा टिंबं म्हणजे उम्लाउट, स्वराचा उच्चार बदलणारी जर्मन खूण. ‘एम’ किंवा ‘एन’वर सरळ आडवी रेघ असेल तर ते अक्षर दोनदा वाचायचं. ‘आय’चं टिंब मात्र घाईत लिहिणाऱ्याच्या हातून उजवीकडे सरकतं, कधी दोन अक्षरं पुढे जातं. माझ्या चौथ्या नोंदीतली ‘कमान’ म्हणजे वरच्या ओळीतून खाली आलेलं लांब शेपूट होतं. वरच्या ओळीतलं ते अक्षर मी बोटाने गिरवत खाली आले तेव्हा कुठे हे लक्षात आलं. आता कुठलंही चिन्ह मानण्याआधी ते वरच्या ओळीतून तर आलेलं नाही ना, हे मी आधी पाहते.

उपाय: मायन्यापासून सुरुवात करा

मोडी वाचायला बसलेल्या माणसाला माहीत असतं, की ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ हा मायना तो अक्षर अक्षर लावून वाचत नाही. तिथे काय लिहिलेलं असणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. पण त्या ठाऊक असलेल्या ओळीतूनच लिहिणाराचा ‘अ’, ‘ल’, ‘ज’, ‘श’ कसा आहे ते कळतं आणि मग मजकुरातला अनोळखी शब्द सुटतो. चर्चची नोंदही अशीच मायन्याने बांधलेली असते. आपण मात्र थेट आडनावावर झडप घालतो. नोंदीतला सगळ्यात अवघड, जिथे अंदाज अजिबात चालत नाही असा शब्द तोच. मी जे करत होते ते नेमकं उलट्या क्रमाने करत होते.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत ठरावीक शब्द येणारच: ‘टाउफे’ म्हणजे बाप्तिस्मा, ‘झोन’ मुलगा, ‘टोख्टर’ मुलगी, ‘एहेलिख’ म्हणजे विवाहातून झालेलं, ‘हाउसफ्राउ’ किंवा ‘एहेफ्राउ’ बायको, ‘गेफाटर’ म्हणजे बाप्तिस्म्याचे धर्ममातापिता, ‘ब्युर्गर’ नागरिक. व्युर्टेंबर्गात द्राक्षमळे पुष्कळ, त्यामुळे ‘ब्युर्गर उंड वाइनगेर्टनर’, म्हणजे नागरिक आणि द्राक्षमळेवाला, ही जोडी पानोपानी भेटते. शिवाय महिन्यांची नावं आहेत. योहान, याकोब, मारिया, कातारिना, बार्बारा ही नावं आहेत. खुद्द गावाचं नावही आहे. या सगळ्या शब्दांची अक्षरं तुम्हाला आधीच माहीत आहेत.

मी केलं ते असं. नोंदवहीची मागची-पुढची मिळून दहा पानं घेतली आणि त्यातले फक्त असे ठाऊक शब्द शोधले. प्रत्येकातून एकेक अक्षर कापून एका कागदावर चिकटवलं. ‘टोख्टर’मधून सी-एच आणि शेवटचा ‘आर’, ‘वाइनगेर्टनर’मधून ‘जी’, ‘टी’ आणि ‘एन-ई’ची जोडी, ‘याकोब’मधून ‘के’ नाहीतर ‘सी’, ‘मार्ट्स’ या महिन्यातून ‘झेड’. संध्याकाळपर्यंत त्या एका पाद्रीबाबांची अख्खी बाराखडी तयार झाली. छापील तक्त्यात ‘झेड’ला जसं शेपूट असतं तसं यांच्या हाताला नव्हतं. ते ‘झेड’ असं काढत की मला ते ‘जी’ वाटे. हे कुठल्याही छापील तक्त्याने सांगितलं नसतं.

पाद्रीबाबा बदलले की कागद नवा घ्यायचा. हस्ताक्षर कुठे बदललं ते वहीत सहसा स्पष्ट दिसतं. जुन्या माणसाचा कागद नव्यावर लादला तर चूक पहिल्या दिवसाइतकीच होते. आणि एक अट स्वतःला घालून घ्या: संशयातल्या नावातलं प्रत्येक अक्षर त्याच हाताच्या दुसऱ्या, निश्चित शब्दात दाखवता आलं पाहिजे. दाखवता येत नाही तोवर ते नाव वहीत पेन्सिलनेच राहील.

हे करताना स्वतः लिहून पाहा. आपलं आडनाव, गावाचं नाव, ‘टोख्टर’, असं रोज अर्धं पान. मोडीच्या वर्गातही वाचायच्या आधी गिरवायला लावतात. हात कुठून वळतो हे कळलं की डोळ्याला अक्षराची सुरुवात आणि शेवट दिसायला लागतो.

लांब अक्षरं

काड्यांचं जमलं की उरतात वर-खाली जाणारी अक्षरं. ‘एच’ला वर आणि खाली दोन्हीकडे फास असतो. ‘एफ’ आणि लांब ‘एस’ हे जवळपास जुळे. ‘एफ’ला मधोमध छोटी गाठ किंवा आडवी रेघ असते, लांब ‘एस’ला नसते. ‘एस’ दोन प्रकारचा असतो. शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांब, शेवटी आखूड वळलेला. यातून एक फायदा मिळतो. शब्दाच्या मध्येच शेवटचा ‘एस’ दिसला, तर तो बहुधा जोडशब्द असतो आणि तिथे पहिला शब्द संपतो. ‘हाउसफ्राउ’मध्ये ‘हाउस’नंतर तसाच ‘एस’ असतो. लांबलचक जर्मन शब्द फोडायला ही खूण फार कामाला येते.

मोठ्या अक्षरांत ‘के’ आणि ‘आर’, तसेच ‘बी’, ‘एल’ आणि ‘सी’ एकमेकांत मिसळतात. यांच्यासाठी वेगळी युक्ती नाही, कापून चिकटवलेला कागदच.

नोंदीच्या मध्येच लिपी बदलली तर घाबरू नका. कित्येक पाद्री मजकूर कुरेंटमध्ये आणि नावं किंवा लॅटिन शब्द आपल्या ओळखीच्या लॅटिन वळणात लिहीत. एकाच ओळीत दोन प्रकारचे ‘ई’ सापडतात ते यामुळे. कॅथलिक वह्या बहुतेक लॅटिन भाषेतच असतात. तिथे ‘फिलिउस’ म्हणजे मुलगा, ‘फिलिया’ मुलगी, आणि नावांना विभक्ती लागते. ‘योआनिस’ दिसलं तर ते योहानची षष्ठी आहे, वेगळा माणूस नव्हे.

नाव बरोबर, तरी सापडत नाही

इथे वाचन बरोबर असतं आणि शोध चुकतो. बाईच्या आडनावाला ‘इन’ हा प्रत्यय लागे. ‘रेन्त्सिन’ म्हणजे रेन्त्स घराण्यातली बाई. शोधताना तो काढून टाका. ‘गेब.’ दिसलं की पुढे तिचं माहेरचं नाव येतं. ‘वायल.’ म्हणजे ‘वायलांड’, कैलासवासी. या चार अक्षरांनी बाप त्या तारखेच्या आधी गेलेला होता हे कळतं. म्हणून हा शब्द कधी वगळू नका.

एका घरात पाच भाऊ आणि पाचही योहान, असं दिसलं तर वाचन चुकलं असं समजू नका. योहान हे सुरुवातीला लावायचं नाव, हाक मारायचं नाव त्यानंतर येतं आणि पुष्कळदा त्याखाली रेघ असते. मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव ठेवत. तेव्हा बाप्तिस्मा सापडला की लगेच आनंद मानू नका, आधी मृत्यूची वही चाळा.

ऑनलाइन सूची माणसांनी किंवा यंत्रांनी वाचून केलेल्या असतात आणि तुम्ही केली तीच चूक त्यांनीही केलेली असते. म्हणून आपलं चुकीचं वाचन फेकून देऊ नका. ‘एन’च्या जागी ‘यू’ घालून, ‘ई’ गाळून, ‘बी’च्या जागी ‘एल’ घालून शोधा. माझ्या एका नोंदीची सूची खरोखर ‘रॉइत्स’ नावाखालीच निघाली. स्पेलिंगचा आग्रह तर नकोच. पाद्री कानाने ऐकून लिहीत, आणि इथल्या बोलीत ‘टी’-‘डी’, ‘पी’-‘बी’ यांतला फरक ऐकायला कठीण आहे.

तारीख जुळत नसेल तर

सातचा आकडा आणि पुढे ‘बीआर’ असं असेल तर तो सातवा महिना नव्हे, सप्टेंबर. आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ नोव्हेंबर, आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. आपल्याला हे लक्षात ठेवायला सोपं आहे: सप्त, अष्ट, नव, दश. मी सुरुवातीला हे जुलै-ऑगस्ट धरले आणि एका जोडप्याचं मूल लग्नाआधी जन्माला घातलं.

कधी तारीखच नसते, रविवारचं नाव असतं: ‘युबिलाते’, ‘कान्ताते’, किंवा ‘ट्रिनिटातिसनंतरचा चौदावा’. हे इस्टरवर मोजले जातात, आणि इस्टर दर वर्षी हलतो. आपल्याकडे ‘अक्षय्य तृतीयेला झाला’ म्हटल्यावर त्या वर्षाचं पंचांग काढावं लागतं, तसंच इथे त्या वर्षीचा इस्टर काढावा लागतो. १७०० च्या आधीच्या नोंदी असतील तर आणखी एक पाहा. कॅथलिक मुलुखांनी नवी ग्रेगोरियन कालगणना १५८२ नंतर लवकरच घेतली, तर प्रॉटेस्टंटांनी १७०० मध्ये. तिथे १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च आला. शेजारच्या दोन गावांच्या तारखांत दहा दिवसांचा फरक पडतो तो यामुळे.

वारांच्या जागी ग्रहांची चिन्हंही भेटतात. चंद्रकोर म्हणजे सोमवार, मंगळाचं चिन्ह म्हणजे मंगळवार. आपले वार ग्रहांचेच असल्यामुळे यात मराठी माणसाला काही शिकावं लागत नाही.

वाचलं बरोबर, पण अर्थ?

एक चूक मला अजून बोचते. १८३४ मधली, काही आठवड्यांच्या मुलीच्या मृत्यूची नोंद होती. कारणाच्या रकान्यात ‘जी’ने सुरू होणारा आणि ‘टर्न’ने संपणारा शब्द. मधलं फिकं होतं. मी तो ‘गेश्विस्टर्न’, म्हणजे भावंडं, असा वाचला आणि तिला भावंडांजवळ पुरलं असा अर्थ लावला. सासूबाईंना तसं सांगितलंही. त्यांनी ते घरच्या वहीत लिहून ठेवलं. नंतर बाराखडीचा कागद लावून पाहिला तर शब्द होता ‘गिख्टर्न’. ‘गिख्टर’ म्हणजे तान्ह्या मुलांना येणारे आचके. त्याच पानावर तोच शब्द आणखी सात मुलांपुढे होता. तो रकाना कारणाचा होता, जागेचा नव्हे, आणि हे रकान्याच्या मथळ्यात लिहिलेलं होतं. मी मथळा वाचलाच नव्हता. शब्दाची दोन टोकं पाहून मधलं मनाने भरलं, आणि मनाला जे हवं होतं तेच भरलं. सासूबाईंच्या वहीतली ती ओळ मी त्यांच्यासमोर बसून दुरुस्त केली.

तेव्हापासून पान उघडलं की आधी मथळे उतरवून घेते. लॅटिनमध्ये असले तरी: ‘इन्फान्स’ मूल, ‘पारेन्टेस’ आईबाप.

शब्दकोशातला आजचा अर्थही फसवतो. बव्हेरियाकडच्या नोंदीतला ‘झोल्डनर’ भाडोत्री सैनिक नसून थोड्याशा जमिनीवर राहणारा लहान शेतकरी असतो. ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ हे शब्द बाप-लेकाचंच नातं सांगत नाहीत. गावात एकाच नावाचे दोन असले की वेगळे ओळखायला ते लावत.

पडताळा

वाचलेलं नाव खरं की खोटं, हे शेवटी दुसरी नोंद ठरवते. व्युर्टेंबर्गात १८०८ पासून कुटुंबवही ठेवायला सुरुवात झाली. तिला ‘फामिलियनरेगिस्टर’ म्हणतात. त्यात एका जोडप्याचं अख्खं घर एका पानावर असतं: दोघांचे आईबाप, सगळी मुलं, कधी ‘अमेरिकेला गेला’ अशी टीपही. तिथलं हस्ताक्षर बहुधा सावकाश आणि स्वच्छ असतं. मी तर आता आधी ही वही पाहते आणि मग मागे जाते. १८७६ पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी सुरू झाली, प्रशियात १८७४ मध्येच. तिथले छापील रकाने मोठा आधार देतात. मृत्यूच्या नोंदीत वय वर्षं, महिने, दिवस असं दिलेलं असेल तर वजाबाकी करून जन्मतारखेपाशी पोचता येतं. नाव डळमळीत असलं तरी ही तारीख बाप्तिस्म्याशी जुळली तर माणूस तोच असण्याची शक्यता बरीच वाढते.

प्रॉटेस्टंट वह्या मुख्यतः आर्खिओन या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात, कॅथलिक पुष्कळशा मात्रिकुला या संकेतस्थळावर विनामूल्य. ट्रान्सक्रिबुससारखी यंत्रं पान वाचून देतात आणि त्यांची मदत मी घेते. पण त्यांचंही बळ ओळखीच्या शब्दांत आहे. आडनावात यंत्र अडखळलं तरी ते थांबत नाही, ठामपणे काहीतरी देतंच. म्हणून यंत्राचं वाचन मी माझं वाचन झाल्यावर उघडते.

चित्र फार मोठं करून पाहू नका. एक शब्द पडदाभर केला की काड्याच काड्या दिसतात. पूर्ण ओळ दिसेल इतकंच मोठं ठेवा आणि कॉन्ट्रास्ट वाढवा. पलीकडच्या पानाची शाई उतरली असेल तर त्या पानाचं चित्र आरशासारखं उलटवून शेजारी ठेवा, म्हणजे कुठली रेघ कुठल्या बाजूची ते कळतं.

एवढं करूनही नाव सुटलं नाही तर जाणत्या माणसाला विचारा. पण कापलेला शब्द पाठवू नका. अख्खं पान पाठवा, मागचं-पुढचंही. गाव, वर्ष आणि पंथ कळवा. तुम्हाला ते नाव काय वाटतं हे मात्र त्यांचं वाचून झाल्यावरच सांगा. आधी सांगितलंत तर त्यांच्या डोळ्यालाही तेच दिसू लागेल.